पेत्रोनाचं खारं पाणी

माझे दाजी अल्सिदेस काबार्कास यांना एका जागी बसता येत नाही. झुलत्या खुर्चीत बसले तर खुर्ची झुलत नाही, पळते. आमच्या ओसरीच्या फरशीवर तिने दोन चर पाडलेत. संध्याकाळी बारांकिया शहरातल्या आमच्या गल्लीत सगळे पुरुष दारात खुर्च्या टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करत बसतात. दाजी मात्र तेवढ्या वेळात कितीदा तरी उठून आत जातात, काचेच्या पेटीत डोकावतात, परत येतात. समोरचा न्हावी ओरडतो, "काय रे अल्सिदेस, आत बाळंतीण आहे का?" दाजी त्याला एक सणसणीत शिवी घालतात आणि पुन्हा आत जातात.

मी बेत्साबे. अल्सिदेसच्या बायकोची, एनिल्साची, धाकटी बहीण. अंगणापलीकडच्या खोलीत राहते आणि कार्निव्हलचे पोशाख शिवते. जेवण ताईच्या स्वयंपाकघरात, तिघांचं एका पातेल्यातलं. लग्न मी केलं नाही, पण दाजींच्या येरझारा इतकी वर्षं ऐकल्यात की एका नवऱ्याचा अनुभव फुकटात पदरी पडलाय.

दाजी मालवाहू जहाजांवर आचारी होते. त्या स्वयंपाकाच्या गोष्टी तेच सांगतात, म्हणून त्यातलं निम्मं सोडून द्यावं. जिभेची गोष्ट मात्र खरी आहे, कारण ती उबाल्दोही सांगतो. उबाल्दो त्याच जहाजांवर खलाशी होता. पुढे दाजींच्या, आता सासरी असलेल्या, लेकीचा धर्मबाप झाला आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना भावासारखं 'कोंपा' म्हणतात. तो सांगतो, जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळत असायचं, खलाशी ओकत असायचे आणि अल्सिदेस भल्यामोठ्या पातेल्यातला एक थेंब जिभेवर ठेवून मीठ किती कमी आहे ते चिमटीच्या हिशेबाने सांगायचा. जहाजावर त्यांचं नावच पडलं होतं 'जीभ'. कप्तानसुद्धा हाक मारायचा, "जिभेला बोलवा रे!" हा रुबाब दाजी घरीही घेऊन आले. दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, खानावळीत पाऊल टाकायचं नाही, लग्नाकार्यातसुद्धा नुसतं पेय घ्यायचं. अपवाद एक, माझी ताई.

मग एका फेरीत, भट्टीसमोर उभे असताना, छातीला हात लावून ते खाली बसले. बंदरावरून थेट इस्पितळात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जहाज बंद आणि मीठ जवळजवळ बंद, नाहीतर पुढच्या वेळी इथपर्यंत पोचणार नाही. जहाज सुटलं, कारण कंपनीनेच सोडवलं. मीठ सुटेना. ताईने पहिल्याच दिवशी अळणी सूप वाढलं. दाजींनी एक चमचा तोंडात घातला, वाटी उचलली आणि अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याशी ओतली.

"अळणी खाऊनच जगायचं असतं तर गाय झालो असतो," ते म्हणाले. "मरायचं तर चवीनं मरेन."

ताई रडली नाही. ताई रडत नाही, बेत करते. दुपारी माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "आजपासून नेहमीसारखं मीठ. पुढच्या आठवड्यात एक चिमूट कमी. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. त्याला पत्ता लागायच्या आत त्याची जीभ मी माणसात आणते."

"आणि लागला पत्ता तर?"

"तर मिठाचा डबा तोंडाला लावेल, मला दाखवून दाखवून. म्हणून लागणार नाही. तू तोंड शिवून घे, सुई आहेच तुझ्याकडे."

तसं सुरू झालं. ईस्टर संपला होता, उन्हं तापली होती. ताईने अशी काही लबाडी केली की मला तिचा अभिमानही वाटायचा आणि भीतीही. तुरीच्या ओल्या दाण्यांचं सांकोचो, म्हणजे दाट सूप, आमच्याकडे खारवलेल्या मांसाशिवाय होत नाही. ते मांस ती पहाटेपासून भिजत घालायची आणि पाणी बदलत राहायची. बाजारचं चीज म्हणजे निव्वळ मिठागर, त्याचे तुकडे करून दुधात बुडवून ठेवायची. आंबट साय विकत आणायची ती घरीच लावायला लागली. लिंबू वाढलं, लसूण वाढला, रानकोथिंबीर वाढली. दाजी जेवायचे, बोट चाटायचे आणि म्हणायचे, "लिंबाला हात जरा आवर, म्हातारे." मिठाबद्दल चकार शब्द नाही. पुढच्या तपासणीला रक्तदाब उतरलेला निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली आणि घरी येऊन हे गृहस्थ आमच्यासमोर छाती फुगवून म्हणाले, "बघा. मीठ खाऊनसुद्धा उतरवला." ताई खाली मान घालून भांडी घासत राहिली. मी बाहेर जाऊन हसून घेतलं.

पण बिनजहाजाचा खलाशी घरात म्हणजे नुसती भिंगरी. त्यांनी कुंड्या हलवल्या, नळ उघडून पुन्हा बसवले, माझ्या शिलाई यंत्राला तेल घालून माझा एक अख्खा पोशाख डागाळला. शेवटी उबाल्दोला दया आली. किनाऱ्यावरच्या ओळखीच्या कोळ्याच्या जाळ्यात एक दगड आला होता, त्याला एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला प्राणी, चिकटलेलं. बशीएवढं, तपकिरी बोटांचं, बोटांची टोकं जांभळी. त्या बोटांत काचेसारखा आरपार दिसणारा एक इवलासा झिंगा राहायचा. उबाल्दोने बादलीतून ते आणलं, दाजींनी कुठूनतरी जुनी काचेची पेटी पैदा केली आणि बैठकीच्या खोलीत समुद्र आला.

फुलाचं नाव त्यांनी ठेवलं पेत्रोना. मी विचारलं, का? तर म्हणाले, "माझ्या पहिल्या कप्तानाची सासू. तीही अशीच एका जागी बसायची आणि जवळ येईल त्याला चिकटायची."

आमच्याजवळचा समुद्र नदीच्या गाळाने तपकिरी असतो, तो या कामाला चालत नाही. म्हणून दाजी माशांच्या दुकानातून समुद्राचं मीठ पिशवीने आणायचे आणि नळाचं पाणी बादलीत निवळू देऊन त्यात कालवायचे. पाण्यात मीठ किती ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर होता. ताई त्याला दुर्बीण म्हणायची, मीही तेच म्हणते. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं दिसतं, खाली पांढरं, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथला आकडा वाचायचा. पस्तीस म्हणजे समुद्र. दाजी येईल त्याला धरून सांगायचे, "पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. त्यामुळे पेटीतलं पाणी खाली गेलं की साधं पाणी घालायचं, खारं नाही. मूर्ख लोक खारं घालतात." टपालवाल्यालासुद्धा त्यांनी हे सांगितलं. त्याने निमूटपणे ऐकून घेतलं, त्याची काय चूक.

ताई आधी पेटीवर वैतागायची. मग एक दिवस उबाल्दो नदीवरच्या एका ओढबोटीवर आचाऱ्याची जागा आहे असं सांगायला आला. दाजींचे डोळे चमकले, पण त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही रे कोंपा. हिचं मीठ कोण बघणार?" त्या दिवसापासून ताई रोज पेत्रोनाच्या पेटीची काच स्वतःच्या हाताने पुसायला लागली.

"ही बया जिवंत आहे तोवर माझा नवरा घरात आहे," ती मला म्हणाली. "आणि घरात आहे तोवर माझ्या हातचं खातो. बोटीवर गेला की स्वतःच्या हातचं खाईल, आणि मग सहा महिन्यांत मला सुतकाचे काळे कपडे शिवून दे."

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग डिसेंबर आला. डिसेंबरात आमच्याकडे उत्तरेचा वारा सुटतो आणि कार्निव्हल होईपर्यंत थांबत नाही. दारं आपटतात, वाळत घातलेले कपडे शेजारच्या गल्लीत सापडतात, माणसं उगाच भांडतात. पेटीतलं पाणी तर बघता बघता खाली जायला लागलं. दाजी तांब्या घेऊन तयारच असायचे. आणि एका सकाळी त्यांनी दुर्बिणीच्या आधी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट!" ते ओरडले. "एनिल्सा! खारट झालंय!"

"समुद्राचं पाणी आहे, गोड लागेल का?" ताई आतून म्हणाली.

"मला समुद्र शिकवतेस? हा समुद्र नाही. हे लोणच्याचं पाणी आहे."

दुर्बीण म्हणाली, पस्तीस. दाजींनी पुन्हा चाखलं, पुन्हा थेंब ठेवला, दुर्बीण पुन्हा पस्तीसच म्हणाली. मी दारात उभी होते. आयुष्यभर ज्याच्या जिभेवर कप्तान मान डोलवायचे, त्याच्याशी एक नळी वाद घालत होती.

"बिघडलीय," दाजींनी निकाल दिला.

त्या दुर्बिणीला वर एक बारीक स्क्रू असतो. काचेवर अगदी शुद्ध पाणी ठेवायचं आणि रेघ शून्यावर येईपर्यंत तो पिळायचा, असं दुकानदाराने शिकवलेलं. दाजींनी शून्याच्या भानगडीत न पडता पेत्रोनाच्याच पाण्याचा थेंब ठेवला आणि जिभेला जो आकडा पटला, एक्केचाळीस, तिथे रेघ येईपर्यंत स्क्रू पिळला. मग पेटीतलं खारं पाणी तांब्याने उपसून साधं पाणी ओतत राहिले, दुर्बीण पस्तीस म्हणेपर्यंत.

"बघ, आता कशी शहाण्यासारखी बोलते," ते मला म्हणाले.

मला तेव्हा काहीच कळलं नाही. ताईलाही नाही. आम्ही दोघींनीही पेटीतलं पाणी बोटाने चाखून पाहिलं होतं आणि आम्हालाही ते खारटच लागलं होतं.

त्यानंतर घरात कुणाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. काही दिवसांनी पुन्हा खारट. पुन्हा स्क्रू, पुन्हा तांब्या. झिंगा एका सकाळी आडवा पडलेला सापडला. दाजींनी तो तळहातावर घेतला आणि म्हणाले, "मिठाने मारला," आणि आणखी पाणी घातलं. पेत्रोनाची बोटं आखूड व्हायला लागली. "मीठ चढतंय," दाजी म्हणाले, आणि आणखी घातलं. कॉफीच्या आधी मोजायचं, कॉफीनंतर मोजायचं, दार आपटलं की मोजायचं. बादल्यांचा खडखड आवाज माझ्या भिंतीतून यायचा आणि माझी सुई बोटात घुसायची. तिकडे वारा छपराचे पत्रे वाजवायचा, शेजारी गाणी लावायचा आणि या सगळ्यात ते पुटपुटत फिरायचे, "उतर, उतर ना गं." त्यांचे गाल बसले. ताईने मांस आणखी एका पाण्यातून काढायला सुरुवात केली, कारण तिला वाटलं, रक्तदाब चढल्यामुळेच हा माणूस असा सैरभैर झालाय.

मला उलगडा झाला बाजारात. कार्निव्हल तोंडावर आलेला, मी टिकल्या आणि बटणं घ्यायला गेले होते. उन्हाने डोकं फिरलं, पोटात काही नव्हतं, म्हणून गाडीवरच्या बाईकडून लहान गोल बुतिफारा घेतल्या, लिंबू पिळून. मसालेदार मांसाच्या त्या गोळ्या मी लहानपणापासून खातेय. एक तोंडात टाकली आणि थुंकलीच.

"काय घातलंय यात?" मी ओरडले. "मिठाचं पोतं?"

गाडीवरच्या बाईने मला आपादमस्तक पाहिलं. "माझ्या आईच्या वेळेपासून जे घालतोय तेच. तू कुठल्या इस्पितळातून सुटून आलीस, बाई?"

आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही. बोटाला लिंबू आणि तेल लागलेलं, मी तिथेच रस्त्यात उभी राहिले. बुतिफारा बदलल्या नव्हत्या. माझी जीभ बदलली होती, ताईची बदलली होती आणि सगळ्यात जास्त, ज्या जिभेच्या भरवशावर पेत्रोना जगत होती, ती बदलली होती. दाजी मीठ उतरवत नव्हते. ते त्या बिचारीला हळूहळू गोड्या पाण्यात बुडवत होते.

मी धावत घरी आले. ताई अंगणात मांसावरचं पाणी ओतत होती. तिला सगळं सांगितलं. ती वाकलेली तशीच राहिली.

"सांगून टाक त्यांना," मी म्हणाले.

"वेड लागलंय तुला?"

"फूल मरेल, ताई."

"मरू दे. फुलासाठी माणूस मारू?"

"आणि फूल मेल्यावर माणूस कुठे जाईल? तूच म्हणाली होतीस ना."

तिने पातेलं दाणकन खाली ठेवलं. "मग काय करू? सांग, तुला फार अक्कल आहे तर! सांगितलं तर तो उद्या खारवलेलं मांस कच्चं खाईल. नाही सांगितलं तर बोटीवर जाऊन खाईल." आणि मग, आवाज खाली आणून, "मी त्याला आत्ता कुठे परत मिळवलाय गं." ताईचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता. मलाच रडू फुटलं.

तिने आधी आपल्या पद्धतीने निस्तरायचं ठरवलं. दाजी न्हाव्याकडे गेले की मूठभर समुद्राचं मीठ पाण्यात कालवून पेटीत ओतायचं. दाजी परत यायचे, बोट बुडवायचे आणि त्यांना वेडच लागायचं बाकी राहायचं. "परत चढलं! कुठून येतंय हे?" आणि दुप्पट पाणी. असं दोनदा झाल्यावर ताईने हात टेकले.

रविवारी उबाल्दो आला. ओढबोट मंगळवारी निघणार होती आणि आचाऱ्याची जागा पुन्हा रिकामी होती. यावेळी त्याला दाजींनीच बोलावलं होतं. पेत्रोना तोवर मुठीएवढी झालेली. तोंड लोंबलेलं, दगडावरची पकड एका बाजूने सुटलेली.

"ती वाचत नाही आता," दाजी टेबलाशी बसता बसता म्हणाले. ते रडलेले असावेत, डोळे लाल होते. "सगळं केलं कोंपा, सगळं. मला बघवत नाही. घेऊन चल मला."

ताईने सांकोचो वाढलं. उबाल्दोने चमचा तोंडात घातला, थांबला, आणखी एक घातला.

"वहिनी," तो म्हणाला, "या घरात कुणी वारलंय का? यात मीठच नाही."

"काय बोलतोस?" दाजी म्हणाले. "मीठ बरोबर आहे."

"कोंपा, हे गरम पाणी आहे. भाज्या पोहताहेत त्यात."

"रमने तुझी जीभ जाळलीय. मला सांगतोस? मला?"

मी टेबलाखालून उबाल्दोच्या पायावर टाच दिली. तो खलाशी माणूस, इशारा कळतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "असेल बाबा. काल जरा जास्तच झाली होती. जीभ बधिर आहे."

झालं, निभावलं. दाजी मान हलवून पुन्हा जेवायला लागले. पण ताई बसली नाही. ती उभीच होती, पळी हातात, आणि बैठकीच्या खोलीतल्या पेटीकडे बघत होती. आणि मग दाजींच्या पायाशी ठेवलेल्या कपड्यांच्या पिशवीकडे, जी त्यांनी सकाळीच भरली होती.

"त्याची जीभ ठीक आहे," ताई म्हणाली. "तुझी नाही."

"काय?"

"ईस्टरपासून मी मीठ काढत आलेय. दर आठवड्याला एक चिमूट. तुझ्या सांकोचोतलं, चीजमधलं, सगळ्यातलं. तुला समुद्रसुद्धा खारट लागतो आता. पेत्रोनाला मीठ चढलेलं नाही, तिला मीठच उरलेलं नाही."

उबाल्दोने चमचा हळूच ताटात ठेवला. मी दाजींकडे बघत होते. आता टेबल उलटेल, आता ताट भिंतीवर जाईल. ते उठले नाहीत. पाय हलला नाही, बोटं टेबलावर वाजली नाहीत. तो माणूस नुसता बसून राहिला, आणि इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी ते इस्पितळात होते तेव्हाही वाटली नव्हती.

मग ते म्हणाले, "बेत्सा, तुझ्या इस्त्रीत घालतेस ते शुद्ध पाणी आण."

मी आणलं. त्यांनी दुर्बीण घेतली, काच पुसली, थेंब ठेवला आणि रेघ शून्यावर येईपर्यंत स्क्रू उलटा पिळत गेले. तो बराच पिळावा लागला. मग पेत्रोनाच्या पाण्याचा थेंब ठेवला आणि दुर्बीण उबाल्दोच्या हातात दिली.

"तू वाच."

उबाल्दो खिडकीशी गेला. "तेवीस," तो म्हणाला. "तेवीसच्या आसपास."

दाजींच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हे. त्यांनी मिठाची पिशवी ओढली, फाडली आणि पेटीवर धरली. ताईने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"एकदम नको!"

"मरतेय ती!"

"एकदम टाकलंस तर आत्ता मरेल. रोज थोडं. बादलीत कालवून, कपाकपाने. तिला कळता कामा नये."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. राग होता, लाज होती, आणि आणखीही काही होतं. "मला कळलं नाही," ते म्हणाले. "एकदाही कळलं नाही. मला!"

"कळू दिलं नाही."

त्यांनी पिशवी तिच्या हातात कोंबली. "मग हिचंही तूच कर. मला तेवढा धीर नाही."

पेत्रोना जगली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं अर्धं लक्ष पेटीकडेच राहील. ताईने सगळं मीठ हळूहळू चढवलं, अगदी कपाकपाने, आणि दाजी शेजारी उभे राहून नखं खात होते. पूर्वीएवढी ती पुन्हा कधी झाली नाही, पण बोटं बाहेर काढते आणि खाते. पण मला त्या रविवारचंच सांगायचंय.

उबाल्दो दारात टोपी फिरवत उभा होता. "कोंपा, मंगळवारचं काय? कप्तानाला काय सांगू?"

दाजींनी कपड्यांची पिशवी पायाने बाजूला सरकवली. "सांग, जिभेला चव उरलेली नाही. दुसरा आचारी बघ म्हणावं."

ते त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, भाजी संपली म्हणून सांगावं तसं. उबाल्दोने दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. बाहेर वारा त्याची टोपी घेऊन पळाला, तो तिच्यामागे धावतानाच्या शिव्या आम्हाला आतपर्यंत ऐकू आल्या. कुणी हसलं नाही.

दाजी टेबलाशी परत येऊन बसले. सांकोचो गार झालं होतं.

"माफी मागणार नाही मी," ताई म्हणाली. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करेन."

"कर. पण मला सांगून कर. नवरा आहे मी तुझा, पेटीतलं फूल नाही."

"सांगून केलं असतं तर तू खाल्लं असतंस?"

दाजींना खोटं बोलता आलं असतं, आणि ताईने ते मानूनही घेतलं असतं.

"नाही," ते म्हणाले, आणि ताट पुढे केलं.